वाचलेला कोड आणि चाललेला कोड एकच आहे का?

घरात कुणी सॉफ्टवेअरच्या नोकरीत असेल तर "बिल्ड फेल झालाय, आलोच" हे वाक्य तुम्ही जेवणाच्या वेळी नक्की ऐकलं असणार. कोरोनानंतर बेळगाव, निपाणी, फोंडा, इंदूर, वडोदरा अशा गावांतल्या बऱ्याच घरांत एक खोली कचेरी होऊन बसली आहे. मुलगा किंवा सून तिथे काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत असते, थोड्या वेळानं हिरवी खूण दिसते आणि मग सुटकेचा निःश्वास. घरच्यांना कळत नाही की ही नेमकी कशाची परीक्षा रोज चालली आहे.

त्या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात. तिथे माउस नाही, बटणं नाहीत. आज्ञा टाइप करायची आणि उत्तर वाचायचं. या लेखात अशाच एका साधनाची ओळख करून द्यायची आहे: गिटहब सीएलआय, बोलायला नुसतं 'जीएच'. कोड तपासणीची पाइपलाइन चालवणं आणि दुसऱ्याचा कोड वाचून शेरा देणं, ही दोन्ही कामं ते टर्मिनलमधून करू देतं. खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, त्या उच्चार कळावा म्हणून. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

नुसती आज्ञांची यादी द्यायची तर ती कुठेही मिळते. या साधनाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे, तो समजला की आज्ञा आपोआप समजतात. आणि तो समजला नाही तर हिरवी खूण दिसत असतानाही माणूस फसतो.

प्रश्न लग्नपत्रिकेच्या उदाहरणानं सांगतो. छापखान्यातून प्रूफ घरी येतं. काका, मामा, आत्या सगळे वाचतात. मुहूर्ताची वेळ चुकलेली असते, आजोबांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला जातो, शेवटी कुणीतरी सही करून प्रूफ परत पाठवतं. छापखान्यातला पोरगा संगणकावर फाईल उघडतो, पण उघडतो कालची. पाचशे पत्रिका झकास छापून येतात, जुन्या मुहूर्तासकट. वाचणाऱ्यांनी नीट वाचलं होतं, छपाईसुद्धा चांगली झाली होती. फक्त वाचलेलं आणि छापलेलं एक नव्हतं.

सीमाभागातल्या माणसाला हे आणखी जवळून ठाऊक आहे. दस्ताचा मजकूर कुणीतरी मराठीत तोंडी समजावतो, कागद कन्नडमध्ये छापलेला असतो आणि सही त्या कागदावर होते. ऐकलं एक आणि सही केली दुसऱ्यावर, असं तर झालं नाही ना, ही धाकधूक घरी येईपर्यंत जात नाही.

सॉफ्टवेअरमध्ये रोज हेच घडू शकतं. प्रोग्रॅमर जो मजकूर लिहितो तो कोड. तो यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलायचा, चाचण्या घ्यायच्या, गठ्ठा बांधायचा आणि सर्व्हरवर चढवायचा. या क्रमाला बिल्ड पाइपलाइन म्हणतात. आणि हे होण्याआधी दुसऱ्या एखाद्या माणसानं तो मजकूर डोळ्यांखालून घालायचा, त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. एका बाजूला वाचणारा, दुसऱ्या बाजूला बांधणारं यंत्र. दोघांसमोर एकच मजकूर आहे, याची खात्री कोण देणार?

एकाच सालातल्या दोन गोष्टी

१९७६ साल. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन काम करत होते. एका सकाळी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन त्यांच्या खोलीत तणतणत आले. हे जॉन्सन म्हणजे 'याक' या प्रसिद्ध साधनाचे कर्ते, कुणी नवखे नव्हेत. त्यांची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली होती, आणि शेवटी कळलं काय, तर चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती! फाईल सुधारली, पण पुन्हा कंपाइल करायची राहिली. ते वाचत होते नवा कोड आणि यंत्र चालवत होतं जुना. फेल्डमन स्वतः आदल्याच संध्याकाळी अशाच घोळात अडकले होते. त्या शनिवार-रविवारी त्यांनी 'मेक' नावाचं छोटं साधन लिहिलं. कोणती फाईल कुठल्या फाईलवर अवलंबून आहे हे एका कागदावर मांडायचं. मूळ फाईलची वेळ नंतरची दिसली की मेक तेवढाच भाग पुन्हा बांधतो. आजच्या सगळ्या बिल्ड पाइपलाइनींचा हा खापरपणजोबा.

(या मेकमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅब द्यावा लागतो, स्पेस चालत नाही. पन्नास वर्षं विद्यार्थी या टॅबला शिव्या घालत आहेत. फेल्डमन यांना खोड लवकरच कळली होती, पण तोपर्यंत डझनभर लोक साधन वापरू लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांचं काम अडू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. डझनभर लोकांची भीड साऱ्या जगाला महागात पडली म्हणायची.)

त्याच १९७६ साली आयबीएममधले मायकेल फेगन यांनी कंपनीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कोड चालवून बघण्याआधी चार-पाच जणांनी एकत्र बसून, ठरलेल्या भूमिका घेऊन, ओळीन्‌ओळ वाचून काढायचा, अशी त्यांची पद्धत. एकानं बैठक चालवायची, ज्यानं आराखडा केला तो हजर, ज्यानं कोड लिहिला तो हजर, चाचणी घेणाराही हजर. कोड रिव्ह्यूची रीतसर सुरुवात इथून धरतात.

एक धारा बांधण्याची, एक वाचण्याची. पुढची तीसेक वर्षं या दोन धारा बऱ्याच अंशी वेगळ्याच वाहत होत्या. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं, २००८ मध्ये गिटहब सुरू झालं, आणि 'पुल रिक्वेस्ट' नावाची रीत रुळली: मी केलेले बदल हे असे आहेत, वाचा आणि पसंत पडले तर मूळ कोडमध्ये मिसळून घ्या, असा अर्ज. नोव्हेंबर २०१९ मध्ये गिटहब ॲक्शन्स ही पाइपलाइनची सोय सर्वांसाठी खुली झाली आणि अर्ज आला की चाचण्या आपोआप धावू लागल्या. जीएचची १.० आवृत्ती सप्टेंबर २०२० ची. पाइपलाइन चालवण्याच्या आज्ञा त्यात पुढच्या वर्षी आल्या. तिथून पुढे वाचणं आणि बांधणं एकाच काळ्या पडद्यावर आलं.

चाळीस अक्षरांचा अंगठा

गिटमध्ये बदलांच्या प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात, आणि प्रत्येक कमिटला चाळीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक कुणी हातानं देत नाही. मजकुरावरूनच गणितानं काढला जातो. एक स्वल्पविराम बदलला तरी क्रमांक पार बदलतो. म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. याला हॅश म्हणतात. रोजच्या बोलण्यात पहिली सात अक्षरं सांगून भागवतात.

मघाचा प्रश्न आता नेमका विचारता येतो: ज्या हॅशचा कोड मी वाचला, त्याच हॅशची चाचणी झाली का, तोच मिसळला गेला का, आणि सर्व्हरवर तोच चढला का? चार ठिकाणी चार वेगळी उत्तरं निघू शकतात.

एक साधा दिवस घेऊ. सहकाऱ्यानं ४२ क्रमांकाची पुल रिक्वेस्ट पाठवली आहे. 'जीएच पीआर डिफ ४२' म्हटलं की काय जोडलं, काय काढलं ते अधिक-उणे चिन्हांसह समोर येतं. नुसता मजकूर, त्यामुळे नेट मंद असलं तरी चालतं. खानापूरच्या पावसात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम केलेल्यांना याची किंमत सांगायला नको; ब्राउझरचं पान अर्धं उघडून गोल गोल फिरत असतं आणि इकडे डिफ वाचून संपलेला असतो. 'जीएच पीआर चेकआउट ४२' नं तो कोड आपल्या संगणकावर उतरतो, चालवून बघता येतो. माझं मत विचाराल तर रिव्ह्यूत हीच पायरी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. वाचताना बरोबर दिसणारा कोड चालवल्यावर तोंडघशी पाडतो.

मग 'जीएच पीआर चेक्स ४२' नं चाचण्यांची स्थिती, आणि काही पडलं असेल तर 'जीएच रन व्ह्यू --लॉग-फेल्ड'. ही शेवटची आज्ञा नव्या मुलांनी आधी शिकावी. पाइपलाइनचा पूर्ण लॉग हजारो ओळींचा असतो, ही आज्ञा फक्त पडलेल्या पायरीचा भाग दाखवते. सगळं पटलं तर 'जीएच पीआर रिव्ह्यू ४२ --अप्रूव्ह', नाही पटलं तर '--रिक्वेस्ट-चेंजेस' आणि सोबत कारण. एखाद्या ठरावीक ओळीवर बोट ठेवून शेरा मारायची सोय या आज्ञेत नाही. त्यासाठी सहसा ब्राउझरमध्ये जावं लागतं. ही उणीव मोठी आहे, आणि तिच्यामुळे टर्मिनलवाले लोक "ठीक दिसतंय" एवढंच लिहून मोकळे होतात, असं मी पाहिलं आहे.

आता फसण्याच्या जागा.

तुम्ही सकाळी दहा वाजता वाचून मंजुरी दिली. सहकाऱ्यानं अकरा वाजता त्याच अर्जात आणखी एक कमिट ढकललं, "छोटंसंच आहे" म्हणून. मंजुरीचं काय झालं? काहीच नाही. ती तशीच हिरवी उभी असते. नवे बदल आले की जुनी मंजुरी रद्द करायची सेटिंग गिटहबमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. बऱ्याच छोट्या कंपन्यांत ती चालू केलेलीच नसते, कारण दर वेळी पुन्हा मंजुरी मागायला कंटाळा येतो. पत्रिकेच्या प्रूफवर सही झाल्यावर कुणीतरी पेन घेऊन एक ओळ घुसडावी तसं हे.

यावर जीएचमध्ये एक उपाय आहे, पण तो फार कमी लोक वापरतात. मिसळताना 'जीएच पीआर मर्ज ४२ --मॅच-हेड-कमिट' आणि पुढे तुम्ही वाचलेला हॅश. अर्जाचं टोक त्याच हॅशवर असेल तरच मिसळलं जातं, नाहीतर साधन नकार देतं. एक सूचना: मिसळताना 'स्क्वॉश' पद्धत वापरली तर सगळे बदल एका नव्या कमिटमध्ये गोळा होतात आणि त्याला नवा हॅश मिळतो. त्यामुळे तुम्ही टिपून ठेवलेला क्रमांक मुख्य कोडमध्ये सापडला नाही तर घाबरू नका. पण मग मागचा माग पुल रिक्वेस्टच्या नोंदीवरूनच काढावा लागतो, हेही खरं.

दुसरी जागा अशी की पुल रिक्वेस्टवर धावणारी चाचणी बहुधा तुमच्या कोडची नसतेच. गिटहब तुमचे बदल आणि त्या क्षणीचा मुख्य कोड तात्पुरता एकत्र करून त्या मिश्रणाची चाचणी घेतो. हे चांगलंच आहे. पण दुपारपर्यंत मुख्य कोड पुढे सरकलेला असू शकतो, दुसऱ्या दोघांचे अर्ज मिसळलेले असतात. सकाळची हिरवी खूण सकाळच्या मिश्रणाची होती. दोन अर्ज वेगवेगळे हिरवे, आणि एकत्र आले की लाल, हा अनुभव मोठ्या टीममध्ये आठवड्याला एकदा तरी येतो. त्यासाठी गिटहबनं २०२३ मध्ये मर्ज क्यू नावाची रांग खुली केली: अर्ज रांगेत लावायचे, आणि मिसळण्याच्या क्रमानं पुन्हा तपासायचे.

तिसऱ्या जागी मी स्वतः पडलो आहे. माझ्या अर्जाची चाचणी लाल होती. कारण माझ्या कोडमध्ये नव्हतं, मुख्य कोडमधल्या एका फाईलमध्ये होतं. ती मी वेगळ्या अर्जानं दुरुस्त केली, मिसळली आणि मग समाधानानं 'जीएच रन रीरन --फेल्ड' मारलं. पुन्हा लाल. परत मारलं, परत लाल. चहा झाला, पुन्हा लाल. अर्धी सकाळ गेल्यावर कळलं की रीरन म्हणजे 'तेच पुन्हा'. ते आधी ज्या कमिटवर धावलं होतं त्याच कमिटवर धावतं. मधल्या काळात मुख्य कोडमध्ये काय सुधारलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नव्या कोडची चाचणी हवी तर अर्जात मुख्य कोड ओढून घेऊन नवं कमिट ढकलावं लागतं. जॉन्सन यांचीच गोष्ट, फक्त साल वेगळं.

आणि एक बारीकशी, पण नुकसान करणारी. 'जीएच रन वॉच' ही आज्ञा पाइपलाइन संपेपर्यंत बसून बघते. ती संपल्यावर पुढची आज्ञा आपोआप सुटावी, उदाहरणार्थ सर्व्हरवर चढवण्याची, म्हणून लोक दोन्ही एका ओळीत साखळीनं लिहितात. टर्मिनलच्या जगात प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते: शून्य म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे बिघडलं. मेख अशी की पाइपलाइन पडली तरी 'वॉच' शून्यच ठेवते, कारण तिचं काम बघायचं होतं आणि ते तिनं केलं! पाइपलाइनचा निकाल आकड्यात यायला हवा असेल तर '--एक्झिट-स्टेटस' जोडावं लागतं. हे न जोडता लिहिलेल्या स्क्रिप्ट पडलेला बिल्डसुद्धा खुशाल पुढे पाठवतात.

नजरचूक नाही, डाव

इथवरचे सगळे घोळ आपल्याच विसरभोळेपणाचे. पण वाचलेलं आणि बांधलेलं यात फट असते, हे चोरांनाही कळलं आहे.

मार्च २०२४ च्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एक बारीक गोष्ट खटकली. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक. दुसरंच काही मोजत असताना दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्यांना दिसलं. दुसरा कुणी सोडून देता. ते मागे लागले आणि 'एक्सझेड' या लिनक्सवर जवळपास सगळीकडे असलेल्या लहानशा फाईल-दाबणाऱ्या साधनापाशी पोहोचले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा होता. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. मोठ्या लिनक्स आवृत्त्यांच्या स्थिर प्रतींत हा कोड अजून पोहोचायचा होता, म्हणून जग थोडक्यात बचावलं.

हा दरवाजा बसवणारा 'जिया टॅन' या नावानं वावरत होता. दोन वर्षांहून अधिक काळ तो प्रामाणिकपणे काम करत राहिला, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि प्रकाशनाचे हक्क हातात घेतले. पण आपल्या विषयाला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. गिटमधला कोड वाचणाऱ्याला कारस्थान पूर्ण दिसत नव्हतं. चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फायलींत विष दडवलेलं होतं, आणि ते बाहेर काढून बिल्डमध्ये मिसळणारी कळीची ओळ गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होती, लोक जो उतरवून घेतात त्या गठ्ठ्यात. प्रूफ स्वच्छ, छापील प्रत विषारी.

त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणातही चोर कोडच्या कपाटात गेले नाहीत. ते बिल्डच्या यंत्रात बसले. बिल्ड सुरू झाला की एक फाईल गुपचूप बदलायची, बांधून झालं की मूळ फाईल जागेवर ठेवायची. सुमारे १८,००० ग्राहकांनी ते अपडेट उतरवून घेतलं. त्या कंपनीतल्या रिव्ह्यू करणाऱ्यानं चष्मा लावून ओळीन्‌ओळ वाचलं असतं तरी त्याला काही दिसलं नसतं.

तिसरं प्रकरण गिटहब ॲक्शन्समधलंच. पाइपलाइन लिहिताना आपण दुसऱ्यांनी केलेल्या तयार पायऱ्या वापरतो, नावापुढे आवृत्तीची चिठ्ठी लावून. त्या चिठ्ठीला टॅग म्हणतात. १४ मार्च २०२५ च्या सुमारास 'टीजे-ॲक्शन्स' यांची, कोणत्या फायली बदलल्या ते सांगणारी एक लोकप्रिय पायरी हल्लेखोरांच्या हाती गेली. २३,००० हून अधिक ठिकाणी ती वापरात होती. हल्लेखोरांनी नवी आवृत्ती काढली नाही. जुन्या आवृत्त्यांच्या चिठ्ठ्या सोडवून विषारी कमिटवर नेऊन चिकटवल्या. लोकांच्या फायलींत एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाइपलाइनी आपल्याच गुप्त किल्ल्या लॉगमध्ये छापू लागल्या. ज्यांचे लॉग जगाला खुले होते त्यांच्या किल्ल्या जगाला दिसल्या. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण चाळीस अक्षरी हॅश लिहून ठेवला होता ते सहसा वाचले. चिठ्ठी सरकवता येते, अंगठा नाही सरकवता येत. एवढ्या एका सवयीसाठी तुमच्या पाइपलाइनची फाईल आज उघडून बघा असं सुचवेन.

गठ्ठ्यावरची जन्मनोंद

यावर २०२४ पासून जीएचमध्ये एक नवी आज्ञा आली आहे: 'जीएच अटेस्टेशन व्हेरिफाय'. पाइपलाइन गठ्ठा बांधते तेव्हाच त्याची एक सहीनिशी नोंद करून ठेवता येते: हा गठ्ठा अमुक हॅशच्या कोडमधून, अमुक पाइपलाइननं बांधला. गठ्ठ्याचाही अंगठा त्या नोंदीत असतो. पुढे कुणीही तो गठ्ठा उतरवून ही आज्ञा चालवली की नोंद जुळते की नाही ते कळतं. कुणी वाटेत गठ्ठा बदलला असेल, किंवा आपल्या घरच्या संगणकावर बांधून पाठवला असेल, तर नोंद जुळणार नाही. एक्सझेडचा गठ्ठा माणसानं हातानं बांधून प्रसिद्ध केला होता. अशी नोंद मागायची तेव्हा पद्धत असती तर त्या चोराला निदान ही वाट बंद झाली असती. दुसरी त्यानं शोधली असती, ते वेगळं.

या नोंदीबद्दल एक गैरसमज फार पसरतो आहे. नोंद जुळली म्हणजे सॉफ्टवेअर चांगलं, असं नाही. जन्मदाखला पोराचे आई-बाप सांगतो, पोराचं वळण सांगत नाही. वाईट कोड वाचून, मंजूर होऊन, नीट बांधला गेला तर त्याचीही नोंद छान जुळेल. आणि सोलरविंड्ससारखं बिल्डचं यंत्रच बाटलेलं असेल तर ते यंत्र खोट्या मालावरही खरी सही करील.

म्हणून शेवटी वाचणाऱ्यावरच येऊन थांबतो. हल्ली वाचायलाही यंत्र आलं आहे. गिटहबचं कोपायलट पुल रिक्वेस्ट वाचून शेरे देतं. ही सोय २०२५ मध्ये पैसे भरणाऱ्या सर्व ग्राहकांना खुली झाली. ते खरोखर उपयोगी आहे, नाव चुकलेलं, सीमा ओलांडलेली, विसरलेली तपासणी ते पटकन दाखवतं, आणि रात्री अकरा वाजता विचारलं तरी वैतागत नाही. पण ही सोय आली तेव्हा गिटहबनं त्यात एक मर्यादा मुद्दाम ठेवली: कोपायलट फक्त टिपण देतं, मंजुरी देत नाही, आणि दोन मंजुऱ्या लागत असतील तर त्याचं टिपण त्यांत मोजलं जात नाही. मला ही मर्यादा योग्य वाटते. अडचण आहे ती माणसांकडून: यंत्रानं वाचलंय ना, मग मी कशाला, असं म्हणत मंजुरीची आज्ञा मारणारे वाढले आहेत. आज्ञा टाइप करायला चार सेकंद लागतात. चारशे ओळींचा बदल चार सेकंदांत मंजूर झालेला नोंदीत दिसला की त्या मंजुरीची किंमत काय ते कळतंच.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना करून बघायचं असेल तर खर्च नाही. साधन फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे. विंडोजवर 'विंगेट' नं आणि मॅकवर 'ब्रू' नं बसतं. सर्वांना खुल्या ठेवलेल्या प्रकल्पांसाठी गिटहबच्या नेहमीच्या यंत्रांवर पाइपलाइनही फुकट धावते, खासगी प्रकल्पाला मोफत खात्यावर महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. आधी 'जीएच ऑथ लॉगिन'. मग एक लहानसा प्रोग्रॅम, त्याला एक चाचणी, आणि एक पुल रिक्वेस्ट. मुद्दाम चूक करा, लाल होऊ द्या, फक्त पडलेला लॉग वाचा, दुरुस्त करा, आणि रीरन न मारता नवं कमिट ढकला. मिसळताना हॅश लिहून बघा, मग एक अक्षर चुकवून बघा, साधन कसं अडवतं ते दिसेल. एक गोष्ट मात्र एकट्याला जमणार नाही: स्वतःच्या पुल रिक्वेस्टला स्वतः मंजुरी दिली तर गिटहब ती घेत नाही. त्यासाठी शेजारच्या बाकावरचा एक मित्र किंवा मैत्रीण गाठावी लागेल, आणि तिला तो कोड खरोखर वाचायला लावावा लागेल.